घोरणारा, धाप लागणारा फौंड्री कामगार: स्पायरोमेट्री ‘रिस्ट्रिक्शन’ म्हणते, स्लीप स्टडी ‘माइल्ड’ म्हणते. किती धरून चालायचं?

कागलचा जीपी

पेशंट पुरुष, वय ५४. उंची १६८ सेंमी, वजन ९२ किलो, मानेचा घेर ४३ सेंमी. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या फेटलिंगमध्ये (ओतीव भाग घासून साफ करण्याचं काम) वीस वर्षं. पंधरा वर्षं बिडी ओढली, चार वर्षांपूर्वी सोडली. जिना चढताना दम लागतो, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं, दुपारी जेवण झालं की बसल्या जागी डुलक्या. मंडळी सांगतात की घोरणं मधेच बंद पडतं आणि मग हिसका बसल्यासारखा श्वास घेतात. बीपी दोन गोळ्यांवरही १५०/९४. स्लीप ॲप्नियाच्या (झोपेत श्वास थांबण्याच्या) धोक्याचा स्टॉप-बँग स्कोअर ७, दिवसाच्या झोपाळूपणाचा एपवर्थ स्कोअर १५. बसून, साध्या हवेवर एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) ९३ टक्के.

एका शिबिरात स्पायरोमेट्री (जोरात श्वास सोडायला लावून फुफ्फुस तपासणं) झाली. एफव्हीसी (छाती भरून जोरात सोडलेली एकूण हवा) १.९८ लिटर म्हणजे प्रेडिक्टेडच्या, अपेक्षित आकड्याच्या, ५५ टक्के, एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) १.६२ म्हणजे ५७ टक्के, दोन्हींचं गुणोत्तर ०.८२. मशीनने छापलंय ‘मध्यम रिस्ट्रिक्शन’, म्हणजे फुफ्फुस आकसलंय. तीन प्रयत्नांत एफव्हीसी १.९८, १.७४, १.४९. फुंकण्याचा वेळ २.१ सेकंद, एक्स्ट्रापोलेटेड व्हॉल्यूम ०.२१ लिटर. नळ्या उघडणारा पंप (इनहेलर) देऊन पुन्हा तपासलेलं नाही.

मग घरी मशीन नेऊन स्लीप स्टडी केली. रेकॉर्डिंग ७ तास ४० मिनिटं, श्वास अडण्याच्या घटना ८४, एएचआय (म्हणजे तासाला घटना) ११, शेरा ‘माइल्ड’. सरासरी एसपीओटू ८९, सर्वांत कमी ७१.

‘माइल्ड’ हा शब्द आणि समोरचा माणूस यांचा मेळ बसत नाही. फुफ्फुस आकसलंय असं धरून सीटीला पाठवू, की आधी तपासण्याच पुन्हा करू? आणि कोणत्या क्रमाने?

पीएफटी (फुफ्फुस तपासणी) टेक्निशियन, राजारामपुरी

डॉक्टर, ही स्पायरोमेट्री रिपोर्ट म्हणून वापरू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच तिचे तीन दोष दिसतात.

पहिला दोष २.१ सेकंदांचा. व्हॉल्यूम-टाइमचा आलेख शेवटी आडवा व्हायला हवा. २०१९च्या एटीएस-ईआरएस (अमेरिकन आणि युरोपीय श्वसनविकार संस्था) निकषांप्रमाणे शेवटच्या एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा बाहेर आली, किंवा माणूस १५ सेकंद सोडत राहिला, तर शेवट झाला असं धरतात. ‘सहा सेकंद झाले की पुरे’ हा जुना नियम आता नाही. दोन सेकंदांत तोंड काढलं की आलेख चढावरच तुटतो. एफईव्ही१ पहिल्या सेकंदातच मोजून झालेला असतो, एफव्हीसी मात्र अर्धवट राहते. खालचा आकडा लहान झाला की गुणोत्तर आपोआप चांगलं दिसतं. समजा हाच माणूस पूर्ण सोडू शकला आणि एफव्हीसी २.७५ निघाली, तर एफईव्ही१ तोच १.६२ धरूनही गुणोत्तर ०.५९ होतं. म्हणजे मशीनने ज्याला रिस्ट्रिक्शन म्हटलं ते ऑब्स्ट्रक्शन (श्वासनळ्या अरुंद होणं) असू शकतं.

दुसरा दोष एक्स्ट्रापोलेटेड व्हॉल्यूमचा. जोर लागण्याआधी किती हवा हळूच निसटली ते हा आकडा सांगतो. एफव्हीसीचे ५ टक्के किंवा १०० मिलिलिटर, यांतलं जे जास्त असेल ती मर्यादा. इथे मर्यादा १०० आणि आहेत २१०. सुरुवातच सावकाश झाली असेल तर १.६२ या आकड्यावरही भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा दोष, तीन प्रयत्नांत एफव्हीसी उतरत गेली. सर्वांत मोठे दोन आकडे १५० मिलिलिटरच्या आत जुळायला हवेत, इथे फरक २४० आहे. प्रत्येक प्रयत्नाचा एफईव्ही१ वेगळा मागवून घ्या. तोही उतरत असेल तर दोन शक्यता: पेशंट थकला, किंवा जोर लावल्यामुळेच नळ्या आवळत गेल्या. एफईव्ही१ तेवढाच राहून फक्त एफव्हीसी कमी होत असेल तर तो दर वेळी लवकर थांबलाय, बाकी काही नाही.

शिबिरात असं होण्याचं मोठं कारण म्हणजे सांगण्याची पद्धत. ‘फुंका’ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे चुलीची फुंकणी येते. गाल फुगवून, बारीक धार धरून तो सावकाश फुंकतो. चुलीला ते बरोबर आहे, पण मशीनवर त्याचं शिखर बोथट येतं आणि हवा सुरुवातीलाच निसटते. ‘फुगा फुगवा’ म्हटलं तरी गालच कामाला लागतात. म्हणून ‘फुंका’ हा शब्दच टाळायचा. ‘छाती तुडुंब भरा, अजून भरा, भरली? आता एकदम ढकला!’ आणि मग न थांबता ‘ढकला, ढकला, अजून आहे, पोट आत ओढा, थांबू नका’. सांगणाऱ्याचा आवाज ढिला पडला की पेशंटचा जोरही ढिला पडतो. छाती भरल्यावर वर दोन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू देऊ नका. शेवटी माउथपीस न काढता पुन्हा पूर्ण श्वास आत घ्यायला लावा. हा आत घेतलेला श्वास एफव्हीसीपेक्षा १०० मिलिलिटर किंवा ५ टक्क्यांहून जास्त भरला, तर सुरुवातीला छाती पूर्ण भरलीच नव्हती असं समजा.

बाकीची तयारी अशी. बिनचाकांची, हाताची खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. जोरात सोडताना चक्कर येते, चाकांची खुर्ची मागे सरकते. कंबरेचा पट्टा सैल करायचा. घट्ट बसणारी कवळी तोंडातच राहू दे, तिच्यामुळे ओठांना आधार मिळतो. हलणारी असेल तरच काढा. तंबाखूचा बार असेल तर थुंकून चूळ भरायला लावा, दातांमागचा चोथा थेट फिल्टरवर जाऊन बसतो. जीभ माउथपीसच्या खाली. नाकाला क्लिप. उंची चप्पल काढून मोजायची, पेशंटला विचारून लिहायची नाही. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून मापावरून काढायची. प्रेडिक्टेड आकडा उंचीवरच बेतलेला असतो, दोन-चार सेंटीमीटरची चूक टक्क्यांत लगेच दिसते.

आणि त्या दिवशी मशीन तपासलं होतं का तेही विचारा. तीन लिटरची सिरिंज रोज, हळू, मध्यम आणि जोरात अशा तीन वेगांनी मारायची. तिन्ही वेळा आकडा २.९१ ते ३.०९च्या आत यायला हवा. फक्त एकाच वेगाला चुकत असेल तर सेन्सरमध्ये ओल किंवा कचरा आहे.

मोठ्या माणसाला एका बैठकीत आठपेक्षा जास्त प्रयत्न करायला लावू नयेत. तेवढ्यात तीन धड आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी बोलवा.

छातीविकारतज्ज्ञ, सीपीआर रुग्णालयाजवळ

टेक्निशियन ताईंनी तंत्राचं सगळं सांगितलंच आहे. मी क्रमाबद्दल लिहितो.

स्पायरोमेट्री पुन्हा करण्याआधी छातीचा एक्स-रे. वीस वर्षं फेटलिंग म्हणजे सिलिकाची धूळ, आणि त्या धुळीने सिलिकोसिस झालेल्या फुफ्फुसात टीबीचा धोका वाढतो. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, वजन उतरत असेल किंवा एक्स-रेत वरच्या भागात डाग असेल, तर आधी थुंकीची सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी). सरकारी केंद्रात ती मोफत होते. टीबीचा संशय मिटेपर्यंत त्याला त्या मशीनवर जोर लावायला बसवू नका. पेशंटपेक्षा त्या खोलीत त्याच्यानंतर येणाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. तसंच नुकता हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर निदान एक आठवडा थांबा, पोटाचं, छातीचं किंवा मेंदूचं ऑपरेशन झालं असेल तर चार आठवडे. थुंकीतून रक्त पडत असेल किंवा फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल तर ही तपासणी नकोच.

आता ‘रिस्ट्रिक्शन’ या शब्दाबद्दल. स्पायरोमेट्रीवरून रिस्ट्रिक्शनची फक्त शंका घेता येते, निदान होत नाही. त्यासाठी टीएलसी (छाती तुडुंब भरल्यावर फुफ्फुसात मावणारी एकूण हवा) मोजावी लागते, म्हणजे बॉडी बॉक्स किंवा गॅस डायल्यूशन. एफव्हीसी कमी येण्याची कारणं बरीच: अर्धवट सोडलेला श्वास, आत अडकून राहिलेली हवा, पोटाचा घेर, स्नायूंचा अशक्तपणा, आणि खरोखर आकसलेलं फुफ्फुस. तुमच्या पेशंटला यांतली तीन एकाच वेळी असू शकतात. बीएमआय ३२.६ आहे, तोही एफव्हीसी थोडी खाली ओढतो.

डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ती तपासणी) करायला मिळाली तर जरूर करा. लठ्ठपणाने एफव्हीसी कमी झाली असेल तर डीएलसीओ बहुधा शाबूत राहते. एम्फिसीमा (हवेच्या पिशव्या नष्ट होणं) किंवा सिलिकोसिसचा फायब्रोसिस (फुफ्फुसात व्रण) असेल तर ती घसरते. हिमोग्लोबिनची दुरुस्ती करूनच आकडा वाचा. रात्री ऑक्सिजन उतरणाऱ्यांचं हिमोग्लोबिन कधी कधी वाढलेलं असतं आणि त्यामुळे डीएलसीओ आहे त्यापेक्षा बरी दिसते.

मशीनमध्ये प्रेडिक्टेडसाठी कोणतं समीकरण निवडलंय तेही बघा. बऱ्याच मशीनमध्ये आल्यापासून ‘कॉकेशियन’ तसंच राहिलेलं असतं आणि आपला धडधाकट माणूसही त्यात कमी दिसतो. हल्ली जीएलआय या आंतरराष्ट्रीय गटाचं वंशनिरपेक्ष समीकरणही वापरतात. कोणतंही घ्या, पण त्या पेशंटच्या पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच समीकरणावर करा, नाहीतर टक्क्यांतला फरक फुफ्फुसाचा की समीकरणाचा हेच कळणार नाही.

आणखी एक. सिलिकोसिस निघाला तर तो कायद्याने कळवण्याचा आजार आहे. तो कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवर आहे. कामाचा इतिहास केस पेपरवर सविस्तर लिहा: कोणता विभाग, किती वर्षं, ग्राइंडिंग कोरडं की ओलं, मास्क कोणता. पुढे भरपाईच्या वेळी कामगाराच्या हातात तोच कागद असतो.

स्लीप लॅब, ताराबाई पार्क

८४ भागिले ७ तास ४० मिनिटं, म्हणून ११. पण तो माणूस इतका वेळ झोपला होता हे ठरवलं कुणी? घरच्या टाइप-३ मशीनला मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. ते श्वासाचा प्रवाह, छाती-पोटाचे पट्टे, एसपीओटू आणि नाडी एवढंच बघतं. भाजक म्हणून झोपेचा वेळ नसून रेकॉर्डिंगचा वेळ येतो, आणि त्यात पेशंट जागा असलेला वेळ नि सिग्नल गेलेला वेळ दोन्ही मोजले जातात. मूळ ट्रेस पाठवता का?

कागलचा जीपी

ट्रेसचे फोटो वर टाकलेत. मशीन १०:५०ला सुरू, ६:३०ला बंद.

स्लीप लॅब, ताराबाई पार्क

बघितले. ११:२०पर्यंत नाडी ९०च्या वर आहे आणि कूस सारखी बदलतेय, म्हणजे जागे आहेत. ३:३२नंतर नाकाच्या कॅन्युलाची (श्वासाचा प्रवाह मोजणारी नळी) रेघ सपाट झालीय आणि पट्टे मात्र व्यवस्थित हलताहेत. श्वास चालू आणि प्रवाह शून्य, तेही सलग तीन तास, असं होत नाही. कॅन्युला नाकातून निसटली आहे. मशीनने त्या तीन तासांत एकही घटना मोजली नाही, तास मात्र भाजकात धरले. धड सिग्नल उरतो ११:२० ते ३:३२, म्हणजे ४ तास १२ मिनिटं. ८४ भागिले ४.२ केलं की २० येतात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र, या हिशेबाने तुमचा पेशंट मध्यममध्ये आला.

आणि २०सुद्धा कमीच असणार. ३:३२नंतरची एसपीओटूची रेघ बघा: करवतीच्या दातांसारखी सलग वर-खाली, आणि ७१ हा सर्वांत खालचा आकडा ५:१०चा आहे. पहाटे रेम झोप (स्वप्नांची झोप) जास्त असते, स्नायू ढिले पडतात, घटना लांबतात. रात्रीचा सर्वांत वाईट भाग मोजणीतून सुटलाय. शिवाय हायपोप्निया म्हणजे प्रवाह किमान ३० टक्के घटून दहा सेकंद टिकणं आणि त्यासोबत ऑक्सिजन ३ टक्के उतरणं किंवा झोप मोडणं. झोप मोडली हे घरच्या मशीनला कळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन न उतरता झोप मोडणाऱ्या घटना ते सोडूनच देतं. तुमच्या मशीनची सेटिंग ३ टक्क्यांवर आहे की ४वर तेही बघून घ्या. फक्त तेवढ्याने आकडा बराच बदलतो.

मला जास्त खटकतंय ते वेगळंच. ॲप्नियाच्या दोन घटनांच्या मधे एसपीओटू परत ९४-९५ला जायला हवा. इथे तो ९०-९१वरच येऊन थांबतो आणि तिथूनच पुन्हा खाली जातो. दातांची पट्टीच खाली सरकलेली आहे. नुसत्या ॲप्नियात असं सहसा दिसत नाही. फुफ्फुसाचा आजार किंवा हायपोव्हेंटिलेशन (श्वास कमी पडणं) सोबत असलं की असं होतं. अशा पेशंटला घरची तपासणी मुळात पुरेशी नाही, लॅबमध्ये रात्रभराची पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी (मेंदूच्या लहरींसकट झोपेची तपासणी) करा, शक्य असेल तर त्वचेवरून कार्बन डायऑक्साइड मोजण्यासकट. घरच्या तपासणीत ‘नॉर्मल’ आलं आणि लक्षणं ठळक असली तरीही हेच करायचं.

लॅबला पाठवताना पेशंटला एवढं सांगून पाठवा. डोकं धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. तेलकट केसांत इलेक्ट्रोड धरत नाही, मध्यरात्री एकेक सुटायला लागतात. नखांना रंग नको. दुपारी झोपायचं नाही, दुपारनंतर चहा नाही. दारूची सवय असेल तर लपवू नका म्हणावं, त्या रात्री काय घेतलं ते लिहून द्यायचं. रोजच्या गोळ्या रोजच्यासारख्याच. भरघोस मिशा असतील तर कॅन्युला ओठावर चिकटत नाही. काढायला लावू नका, दोन्ही गालांवर आणि कानामागे चिकटपट्टी लावून नळी धरता येते. तुमच्या पेशंटची कॅन्युला बहुतेक अशीच सुटली असणार.

कागलचा जीपी

घरच्यांकडे कोरोनाच्या वेळचं कॉन्सन्ट्रेटर आहे. लॅबची तारीख मिळेपर्यंत रात्री दोन लिटर ऑक्सिजन लावू का, असं विचारताहेत. ७१ आकडा बघून घाबरलेत.

छातीविकार, सीपीआरजवळ

नको. निदान आर्टेरियल ब्लड गॅस (एबीजी, धमनीच्या रक्तातले वायू) बघितल्याशिवाय नको.

घसा मिटतोय म्हणून ऑक्सिजन उतरतोय. वरून ऑक्सिजन सोडला तर घसा उघडत नाही, एसपीओटूचा आकडा तेवढा गोजिरा दिसतो. उलट ॲप्निया लांबतात आणि ज्याचा कार्बन डायऑक्साइड आधीच साठतोय त्याचा आणखी साठतो. सकाळी डोकं जड होणं हे या माणसात नुसत्या बीपीवर ढकलू नका.

आधी साधी गोष्ट करा: रक्तातलं बायकार्बोनेट. २७ किंवा त्याहून जास्त आलं तर एबीजी हवीच. याच्या बाबतीत दिवसाचा एसपीओटू ९३ असल्याने मी तसाही एबीजी करेन. पेशंट पूर्ण जागा, हवेवर, पंधरा-वीस मिनिटं शांत बसलेला. सिरिंजमधला बुडबुडा लगेच काढायचा आणि नमुना अर्ध्या तासात मशीनवर. कागलहून थंड डब्यात घालून दुपारी कोल्हापूरला पाठवलेल्या नमुन्यावर निर्णय घेऊ नका, पेशंटलाच पाठवा.

पीएसीओटू (धमनीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड) ४५च्या वर आला तर विचार असा करायचा: ऑब्स्ट्रक्शन मध्यमच असेल तर एवढ्या सीओपीडीने (नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) कार्बन डायऑक्साइड साठत नाही. मग लठ्ठपणाचं हायपोव्हेंटिलेशन किंवा ओव्हरलॅप, म्हणजे सीओपीडी आणि स्लीप ॲप्निया एकत्र. हे नाव फ्लेनली यांनी १९८५ साली दिलं. या दोन्हींत उपचार हवेच्या दाबाने सुरू होतो. स्थिर पेशंटमध्ये ॲप्निया ठळक असेल तर आधी सीपॅप (मास्कमधून सतत एकसारखा हवेचा दाब). त्यावर घटना थांबूनही ऑक्सिजन खालीच राहिला किंवा कार्बन डायऑक्साइड उतरला नाही, तर बायपॅप (श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब). त्यावरही कमी पडला तर त्या मशीनमधूनच ऑक्सिजन. दाब लॅबमध्ये ठरवून घ्या. दुकानातून आणलेलं ऑटो सीपॅप अशा पेशंटला भरवशाचं नाही, ते हवेची अडचण ओळखतं, कमी पडणारा श्वास ओळखत नाही.

तोपर्यंत कुशीवर झोपणं, उशाकडून पलंग उंच, दारू बंद, झोपेची गोळी अजिबात नाही. वाहन चालवत असेल तर ते थांबवायला स्पष्ट सांगा. एपवर्थ १५ असलेल्या माणसाने पाळी संपल्यावर हायवेवरून मोटारसायकलने घरी जाऊ नये. आणि एबीजीत पीएच ७.३५च्या खाली असेल किंवा पेशंट दिवसा गुंगीत वाटत असेल तर लॅबच्या तारखेची वाट न बघता ॲडमिट करा.

फिजिशियन, इचलकरंजी

विषय या पेशंटचा नाही, पण जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी कामाचा प्रश्न नीट विचारावा म्हणून दोन ओळी. यंत्रमागावरच्या माणसाला ‘सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती जास्त आवळते का’ असं विचारा. होय म्हणाला तर कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस डोक्यात ठेवा आणि पाळीच्या आधी नि नंतर एफईव्ही१ मोजा. एकदाच मोजलेली स्पायरोमेट्री नॉर्मल येऊ शकते. गुऱ्हाळावरच्या माणसाला विचारताना चुलवाणाच्या धुरावर थांबू नका. साठवलेल्या, बुरशी धरलेल्या चिपाडाच्या ढिगात काम केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, खोकला, धाप असं असेल तर बॅगॅसोसिस. त्यात नळ्यांपेक्षा फुफ्फुसाचा गाभा सुजतो, डीएलसीओ घसरते, आणि पंपाने काहीच फरक पडत नाही.

कागलचा जीपी

स्पायरोमेट्री पुन्हा झाली. नऊ सेकंद सोडलं, आलेख शेवटी आडवा झालाय, दोन सर्वोत्तम प्रयत्नांत ८० मिलिलिटरचा फरक. पंपाआधी एफईव्ही१ १.७४, एफव्हीसी २.७६. सालब्युटामॉलनंतर १.८६ आणि २.८४. एक्स-रेत वरच्या भागात बारीक गाठी, सीबीनॅट निगेटिव्ह. बायकार्बोनेट २९, एबीजी उद्या सकाळी. पंपाला प्रतिसाद आहे असं धरायचं का?

पीएफटी टेक्निशियन, राजारामपुरी

आधी दोन गोष्टी विचारून घ्या. स्पेसरमधून १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ वेगवेगळे दिले होते का, आणि नंतर पूर्ण पंधरा मिनिटं थांबले होते का? आणि सकाळी पेशंटने घरी पंप ओढला होता का? सालब्युटामॉल चार ते सहा तास बंद हवं, फॉर्मोटेरॉलसारखं दिवसातून दोनदा घ्यायचं औषध २४ तास, टायोट्रोपियम ३६ ते ४८ तास. घरून ओढून आला असेल तर ‘आधी’चा आकडाच आधीचा नाही.

छातीविकार, सीपीआरजवळ

ताईंच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ठीक असतील तर प्रतिसाद नाही असंच लिहा. वाढ १२० मिलिलिटर. नव्या निकषात वाढ प्रेडिक्टेडच्या १० टक्क्यांहून जास्त लागते. तुमच्या टक्क्यांवरून प्रेडिक्टेड २.८५च्या आसपास येतं, म्हणजे वाढ ४ टक्के. जुन्या १२ टक्के आणि २०० मिलिलिटरच्या नियमातही बसत नाही. पंपानंतरचं गुणोत्तर ०.६५, म्हणजे ०.७०च्या खाली, आणि एफईव्ही१ ६५ टक्के. मध्यम ऑब्स्ट्रक्शन. मात्र प्रतिसाद नाही म्हणून इनहेलर द्यायचा नाही असं नाही, तो लक्षणांवर ठरतो.

एफव्हीसी अजूनही ८० टक्क्यांच्या खालीच आहे. ती अडकलेल्या हवेमुळे की एक्स-रेतल्या गाठींमुळे, हे टीएलसीशिवाय सांगता येणार नाही, त्यामुळे बॉडी बॉक्स आणि डीएलसीओ एकाच दिवशी लावून घ्या. एचआरसीटीची (फुफ्फुसाच्या बारकाईच्या सीटीची) चिठ्ठी आता द्यायला हरकत नाही. उद्या एबीजी आली की पीएच, पीएसीओटू आणि बायकार्बोनेट तिन्ही इथे टाका, आणि स्लीप लॅबला पाठवताना हा नवा स्पायरोमेट्रीचा आलेख सोबत द्या. तिथल्या टेक्निशियनला दाब चढवताना तो समोर लागतो.

स्लीप लॅब, ताराबाई पार्क

गुरुवारची रात्र रिकामी आहे. ९ला यायला सांगा, जेवून. सोबत घरातलं कुणीतरी हवं, आणि जुन्या घरच्या स्टडीची मूळ फाइल पेनड्राइव्हवर. छापील पान नको.